ओल्या फडक्याखाली

टॉवेलच्या खोक्याचा एक पुठ्ठा आहे,
त्याच्या कोऱ्या बाजूवर मी रोजची कामं लिहिते.
आज अकरा होती.
रात्री साडेदहाला मोजलं,
रेघ मारलेली चार.
त्यातलं एक, ‘दूध आणणे’.

गॅसचा नंबर लावायचा राहिला.
तूरडाळ परातीत तशीच,
डाळ आणि खडे आता एकमेकांना ओळखू लागलेत.
चिरंजीवांच्या शर्टाचं बटण
नऊ दिवस माझ्या पर्समध्ये, सुट्ट्या पैशांत.
परवा रिक्षावाल्याला देता देता राहिलं.
‘विजापूरला ताईला फोन’
हे मी इतक्यांदा लिहिलंय
की लिहिलं की बोलून झाल्यासारखं वाटतं.

आणि पाणी.
पाचव्या दिवशी नळ आला, पहाटे तीनला.
मला जाग आली चारला.
पिंप अर्धं.

मग ती येते. माझ्याच अंगातून उठून
माझ्यासमोर बसते, कारखान्यातल्या चेकरसारखी.
माझा एकेक दिवस चिमटीत धरते,
अंगठ्यानं दाबून बघते:
हा सैल. हा फुटका. हा छाट.
म्हणे हिशेबनीस!
अक्कलकोट रोडच्या शेठचा पै न पै जुळतो,
स्वतःचा एक मंगळवार जुळत नाही.
तिला उत्तर द्यायला मी कधीच शिकले नाही.
मी फक्त मान खाली घालते
आणि पुठ्ठ्याच्या नव्या रकान्यात, लाल पेनानं,
‘मागील पानावरून पुढे’.

तेवढ्यात लाइट गेली.

एप्रिल. भिंतीसुद्धा ताप आल्यासारख्या.
बाहेर ओट्यावर यल्लव्वा चिटमल,
मांडीवर सूप, मोबाइलची बॅटरी कपाटाच्या पायाला टेकवून
दारातूनच उजेड घेत होती.
हजाराची बोली, झाल्या होत्या सातशे चाळीस.
मी म्हटलं, अडीचशे राहिल्या की हो.
माझ्या आवाजात तीच होती, चेकर.
यल्लव्वानं वर पाहिलं नाही.
‘राहिलं तर राहिलं. पान काय पळतंय?’

कापून ठेवलेली पानं तिनं गोळा केली,
तान्ह्याच्या टाळूवर थापावं
तसं हातानं पाणी शिंपडलं,
ओल्या फडक्यात गुंडाळून
भिंतीच्या गारव्याला सरकवली.
‘आत्ता वळलं तर फुटतंय बघ.
सकाळला मऊ पडतंय.’
मग बोटं मोडली, एक एक, दहाही.
तो आवाज मला पावतीवर शिक्का मारल्यासारखा वाटला.

मला विचारायचं होतं,
तुमच्यात नाही का कोणी बसलेली, दाबून बघणारी?
तेलुगूत काय म्हणतात तिला?
पण तिनंच विचारलं,
‘पाणी भरलीस काय गं?’
मी गप्प.
‘माझं पिंप काठोकाठ हाय. ने दोन घागरी.’

दोन घागरी नेल्या.
दुसरीत थोडं सांडलं, ओट्यापासून उंबऱ्यापर्यंत
एक ओली रेघ.
ती पुसायची राहिली.

लाइट आली तेव्हा बारा वाजून गेले होते.
पेन उघडलं, मग बंद केलं.
पुठ्ठा उलटा केला. छापील बाजू वर:
बारा नग, आणि एक लहानशी छत्री,
म्हणजे ओलीपासून जपा.
नेमक्या त्या छत्रीवर मी पाण्याचा तांब्या ठेवला.
सात कामं खाली झोपली.
त्यांना कोणी दाबून पाहिलं नाही.

ती आलीच होती, उंबऱ्यापर्यंत.
ओल्या रेघेपाशी थबकली.
मी म्हटलं, बस हवं तर. पण अंधारात बस.

सकाळी पुठ्ठा फुगला होता, शाई पसरलेली.
ताईचा त चांगला टपोरा झाला होता.
चहा गॅसवर ठेवून मी तिला फोन लावला,
ती म्हणाली, कोण गं? मग ओळखून,
‘अगं बाई, मीच करणार होते, रोज राहतंय.’
दोघी हसलो. चहा उतू गेला.

बटण अजून पर्समध्येच आहे.